ज्यांच्यासाठी दवाखाना, त्यांना विचारले का?

शेतीपंपाची वीज रात्रीची मिळाली की शेतकरी काय म्हणतो? “ज्याने ही वेळ ठरवली, त्याने एकदा थंडीत रात्री दोन वाजता येऊन दारे धरून दाखवावीत.” वीज असते, विहिरीला पाणी असते, पंपही चालू असतो. पण वेळ ठरविताना ज्याला भिजवायचे आहे त्याला कोणी विचारलेले नसते. म्हणून सोय असूनही हाल चुकत नाहीत.

आपल्या घरातील वयात येणाऱ्या मुलामुलींच्या आरोग्याच्या सोयीची गतही पुष्कळ ठिकाणी अशीच झाली आहे. सोय केलेली आहे. महाराष्ट्रात किशोरवयीनांसाठी सरकारी रुग्णालयांतून ‘मैत्री’ नावाचे खास दवाखाने सुरू करण्यात आले. दहा ते एकोणीस वर्षांच्या मुलामुलींनी तेथे यावे. पाळीच्या तक्रारी, अंगावरून पांढरे जाणे, गुप्तांगाची खाज किंवा जखम, मनात घर करून बसलेली भीती, लग्न झाले असल्यास पहिले मूल लांबविण्याचे उपाय, या सगळ्याविषयी मोकळेपणी विचारावे, आणि समुपदेशकाने व डॉक्टरांनी त्यांना सल्ला व औषध द्यावे, अशी ही योजना.

वाचकहो, आपल्या तालुक्याच्या गावी असा दवाखाना आहे काय, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? आणि ठाऊक असले, तरी आपली मुलगी, सून किंवा मुलगा तेथे एकट्याने जाऊन आपले दुखणे सांगू शकेल काय?

पाय का अडखळतो?

समजा, अठरा वर्षांची एक मुलगी धीर करून निघाली. दवाखान्याची मुख्य वेळ सकाळची. त्या वेळी ती कॉलेजात असते, नाही तर खुरपणीला रानात असते. रोज बुडवून ती गेली, तर केसपेपरच्या रांगेत गावातीलच आत्याबाई उभ्या. “काय गं, तू इकडं कशाला?” खिडकीतला कारकून सगळ्यांसमोर मोठ्याने विचारतो, “काय होतंय?” पुढे कोणीतरी पहिलाच प्रश्न करते, “लग्न झालंय का?” बिचारी “डोकं दुखतंय” म्हणते, दोन गोळ्या घेते आणि घरी परतते. रोग तिच्याबरोबरच परत येतो.

मुलाची तऱ्हा निराळी. आत नर्सबाई बसलेल्या असतील तर त्याची जीभ उचलत नाही. मग त्याला एस. टी. स्टँडमागच्या भिंतीवरची रंगविलेली जाहिरात दिसते : ‘गुप्तरोगावर हमखास इलाज.’ झोपेत वीर्य जाणे हा या वयातला देहधर्म आहे, तो आजार नाही, त्याने अंगातील ताकद जात नाही, हे एक वाक्य जर त्याला योग्य माणसाकडून ऐकायला मिळाले असते, तर भोंदू वैदूच्या पुड्यांवर पैसे घालवायची पाळी त्याच्यावर आली नसती.

पण एक गोष्ट ध्यानात घ्या. त्या भोंदूचे औषध खोटे असले, तरी गिऱ्हाइकाची नाडी त्याने बरोबर ओळखलेली असते. त्याचे दुकान संध्याकाळी उघडे असते. तो नाव-गाव विचारीत नाही, हसत नाही, चारचौघांत बोलत नाही. पोराला काय हवे, हे खोटे औषध विकणाऱ्याला समजले. खरे औषध देणाऱ्याला ते समजायला अवघड काय आहे? त्यासाठी पोरांनाच विचारले पाहिजे, एवढेच.

गप्प बसण्याची किंमत

ही दुखणी लाजेखातर अंगावर काढली म्हणजे काय होते, याचा पुरावा आपल्याच महाराष्ट्रातून जगापुढे आला. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी दोन खेड्यांतील ६५० स्त्रियांची तपासणी केली. त्यात तेरा वर्षांवरील मुलीही होत्या. त्यांचा अहवाल १९८९ साली ‘लॅन्सेट’ या इंग्लंडच्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. शंभरातील ९२ स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग होता. यापूर्वी कधी त्यासाठी तपासणी करून घेतलेल्या मात्र शंभरात केवळ ८ निघाल्या. म्हणजे दुखणे घरोघरी होते, पण बोलायला जागा कोठेच नव्हती.

दुसरे उदाहरण बीड जिल्ह्याचे. ऊसतोडणीला जाणाऱ्या स्त्रियांच्या गर्भाशयाच्या पिशव्या मोठ्या संख्येने काढल्या जात असल्याची ओरड झाली, तेव्हा २०१९ साली राज्य सरकारने चौकशी समिती नेमली. ८२ हजार ३०९ स्त्रियांची पाहणी झाली. त्यांतील १३ हजार ८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली. साधारण सहा जणींत एक. या प्रकाराला कारणे अनेक आहेत. गरिबी आहे, खाडा पडला तर होणारा दंड आहे, फडावर न्हाणीघर नसणे आहे, पैशासाठी शस्त्रक्रिया सुचविणारे लोकही आहेत. पण अंगावरून जाणे किंवा पोटात दुखणे एवढ्या साध्या तक्रारीवर वेळीच, विश्वासाच्या ठिकाणी, साधा उपचार मिळाला असता, तर पिशवी काढण्यापर्यंत गोष्ट जायचे पुष्कळदा कारण नव्हते.

तिसरी गोष्ट लग्नाच्या वयाची. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील वीस ते चोवीस वर्षांच्या स्त्रियांपैकी शंभरात जवळजवळ २२ जणींचे लग्न अठराच्या आत झालेले होते. कायद्याने हे चूक आहेच. पण ज्यांचे असे लग्न झाले, त्या आज आपल्या घरात सुना आहेत. सतरा-अठरा वर्षांच्या सुनेला कोणी ‘किशोरी’ म्हणत नाही. शाळा सुटली म्हणून शाळेतील तपासणी तिच्या वाट्याला येत नाही. दिवस गेलेले नसले तर नर्सबाईच्या वहीतही तिची दखल फारशी नसते. सगळ्यांत जास्त गरज जिला, तिलाच विचारणारे कोणी नाही.

विचारले की काय घडते

ज्यांच्यासाठी दवाखाना आहे त्यांनाच तो कसा असावा हे विचारायचे, ही कल्पना काही परदेशातून आणायला नको. गडचिरोलीच्याच ‘सर्च’ संस्थेने आदिवासींसाठी रुग्णालय बांधायचे ठरविले, तेव्हा आधी लोकांना विचारले, “तुम्ही दवाखान्यात का येत नाही?” उत्तरे मोठी मार्मिक आली. मोठ्या इमारतीत जीव घाबरतो. आजाऱ्याजवळ घरच्यांना राहू देत नाहीत. डॉक्टर-नर्स पांढऱ्या कपड्यांत असतात, आणि आमच्याकडे पांढऱ्यात गुंडाळतात ते मढे. शिवाय तेथे आमचा देव नाही. संस्थेने हे मनावर घेतले. शोधग्राममध्ये इस्पितळ उभे राहिले ते पाड्यासारखे, झोपड्या-झोपड्यांचे, नातेवाइकांना राहता येईल असे. आणि त्याला नाव दिले ते त्यांच्याच देवीचे, माँ दंतेश्वरी दवाखाना. रोग ओळखणे आणि औषध ठरविणे हे काम डॉक्टरांचेच राहिले. घर कसे असावे, एवढे घरच्यांनी सांगितले.

त्याच संस्थेने पुढे तरुण मुलामुलींसाठी ‘तारुण्यभान’ नावाची शिबिरे चालविली. शरीरात होणारे बदल, लैंगिक आरोग्य, स्त्री-पुरुष संबंधांतील जबाबदारी, हे विषय डॉ. राणी बंग यांनी तेथे मराठीतून, आडपडदा न ठेवता आणि अदब सांभाळून मांडले.

पैठण तालुक्यातील पाचोडचा अनुभवही सांगण्याजोगा आहे. तेथील आरोग्य व्यवस्थापन संस्थेने १९९० च्या दशकाच्या अखेरीस खेड्यांतील बिनलग्नाच्या मुलींसाठी वर्षभराचा जीवनशिक्षण वर्ग काढला. बहुतेक मुली दिवसा शेतात किंवा घरकामात गुंतलेल्या. म्हणून वर्ग ठेवला संध्याकाळी, रोज एक तास. शिकविणाऱ्या बाया बाहेरून आणल्या नाहीत; सातवीपर्यंत तरी शिकलेल्या गावातल्याच स्त्रियांना तयार केले. आईबापांनाही विश्वासात घेतले. चार वर्षांच्या आत त्या गावांतील मुलींच्या लग्नाचे मधले वय १६ वरून १७ वर गेले. एक वर्ष म्हणजे थोडे वाटेल. पण सोळाव्या वर्षी बाळंत होणे आणि त्यापुढे वर्ष-दोन वर्षांनी होणे, यांतला फरक कोणत्याही सुइणीला विचारा.

आणि प्रश्न विचारण्याची परंपरा तर मराठीत जुनीच आहे. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले आणि १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालविले. वाचकांनी पत्राने विचारलेल्या प्रश्नांना ते सरळ उत्तरे देत. त्या उत्तरांवरून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हा १९३४ साली न्यायालयात त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. खटला ते हरले, दंडही झाला. मासिक मात्र १९५३ साली कर्व्यांच्या मृत्यूपर्यंत निघत राहिले.

कागदावर काय आहे?

केंद्र सरकारने ७ जानेवारी २०१४ रोजी राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम सुरू केला. त्यात लैंगिक व प्रजनन आरोग्याबरोबर पोषण, मनाचे आरोग्य, व्यसने, मारहाण व अत्याचार आणि मधुमेहासारखे आजार यांचाही विचार आहे. गावातील हजार वस्तीमागे दोन मुलगे व दोन मुली यांना ‘साथिया’ म्हणून निवडावे, त्यांना शिकवावे, त्यांनी आपल्या बरोबरीच्या मुलामुलींशी बोलावे आणि गरज पडल्यास दवाखान्यापर्यंत न्यावे, अशी त्यात तरतूद आहे. दर तीन महिन्यांनी गावात किशोर स्वास्थ्य दिवस साजरा करावा, असेही त्यात सांगितले आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली किशोरवयीनांच्या आरोग्यसेवेसाठी आठ कसोट्या ठरवून दिल्या. त्यांतील आठवी कसोटी आपल्या विषयाचीच आहे : सेवेची आखणी, देखरेख आणि परीक्षण यांत, तसेच स्वतःच्या उपचारासंबंधीच्या निर्णयात किशोरवयीनांना सहभागी करून घ्यावे.

महाराष्ट्राला तर असे परीक्षण करायची सवयही आहे. २००७ साली पाच जिल्ह्यांतून आरोग्यसेवेवर ‘लोकाधारित देखरेख’ सुरू झाली. गावकऱ्यांनी आपल्या दवाखान्याचे प्रगतिपत्रक भरायचे. चांगले असेल तेथे हिरवा, मध्यम तेथे पिवळा, वाईट तेथे लाल रंग द्यायचा, आणि जनसुनवाईत अधिकाऱ्यांसमोर ते मांडायचे, अशी ही रीत. जे गावाने केले ते गावातील तरुण का करू शकणार नाहीत?

आपल्या गावात कसे करावे?

यासाठी पैसा लागत नाही, आणि मोठा समारंभ तर मुळीच लागत नाही. पुढील गोष्टी कोणत्याही गावाला जमण्यासारख्या आहेत.

१. आशाताई आणि अंगणवाडीताई यांनी मुलींची बैठक निराळी व मुलग्यांची निराळी घ्यावी. नव्या सुनांची तिसरी बैठक घ्यावी. सासूबाईंनी सुनेला दुपारचा तासभर मोकळा दिला, तरी मोठे काम होईल.

२. बैठकीत “तुला काय होते?” असे कोणालाही विचारू नये. “आपल्या वयाच्या मुलीला दवाखान्यात जायचे असेल, तर काय आडवे येते?” असे विचारावे. म्हणजे कोणाचे गुपित उघडे न पडता खरे कारण बाहेर येते.

३. शाळेत किंवा वाचनालयात कुलपाची एक प्रश्नपेटी ठेवावी. नाव न लिहिता चिठ्ठी टाकू द्यावी. किल्ली बाहेरच्या नर्सबाईंकडे किंवा समुपदेशकाकडे असावी, गावातल्या कोणाकडे नको. अक्षर ओळखले जाईल ही मुलांची भीती खोटी नसते.

४. दोन मुली आणि दोन मुलगे यांनी आशाताईंबरोबर जाऊन दवाखाना पाहून यावा. पाटीवर काय लिहिले आहे? आत बोललेले बाहेर ऐकू येते काय? दाराला पडदा आहे काय? मुलग्यांशी बोलायला पुरुष कर्मचारी कोणत्या दिवशी असतो? परतीची गाडी केव्हा? हे सगळे लिहून आणावे.

५. ही टिपणे गावच्या आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीपुढे ठेवावीत. तेथून ती प्राथमिक आरोग्य केंद्राच्या रुग्ण कल्याण समितीकडे जावीत. आठवड्यातून एक दिवस दुपारनंतरची वेळ, निराळे दार किंवा निराळा केसपेपर, पाटीवर साधे नाव, यांतली पुष्कळ कामे डॉक्टरसाहेबांच्या पातळीवरही होऊ शकतात.

६. जे ठरेल ते मुलामुलींना परत येऊन सांगावे. जे होणार नाही, तेही का होणार नाही ते सांगावे. एकदा विचारून पुढे काहीच कळविले नाही, तर दुसऱ्यांदा कोणी तोंड उघडीत नाही.

बैठकीला फक्त शाळेतील हुशार मुले बोलावू नयेत. शाळा सोडलेला, मेंढरामागे जाणारा, ऊसतोडीला जाणाऱ्या टोळीतला, अपंग, अशा मुलामुलींचे म्हणणे निराळे असते. टोळी सहा महिने गावाबाहेर असेल, तर सभा दिवाळीआधी घेतली पाहिजे. नाही तर ज्यांचे ऐकायचे तेच हजर नसतात.

शंका आणि समाधान

पुष्कळ आईवडिलांच्या मनात येईल की, असले विषय काढून पोरे बिघडणार नाहीत काय? ही शंका नवी नाही. २००७ साली आपल्या राज्यात शाळांतील लैंगिक शिक्षणावर मोठे वादळ उठले आणि ते थांबविण्यात आले होते. परंतु अनेक देशांतील अभ्यास एकत्र पाहून युनेस्कोने २०१८ च्या मार्गदर्शिकेत सांगितले आहे की, योग्य लैंगिक शिक्षणाने मुले लवकर त्या वाटेला लागत नाहीत; उलट धोका टाळण्याची समज वाढते. आणि आज मोबाइल प्रत्येक हातात आहे. मुलांना माहिती मिळू नये हे आपल्या हाती राहिलेले नाही. ती खरी मिळावी की घाणेरडी, एवढेच आपल्या हाती आहे.

दुसरी शंका अशी की, पोरांना काय कळते? औषध कोणते द्यावे हे त्यांना कळत नाही, आणि ते त्यांना कोणी विचारीतही नाही. पण कोणत्या वेळी येता येईल, कोणासमोर बोलता येईल, कोणत्या शब्दाने लाज वाटते, हे त्यांच्याइतके कोणालाच कळत नाही. ज्याचे जळते त्यालाच कळते.

तिसरा प्रश्न कायद्याचा. दवाखान्यात सांगितलेले डॉक्टरांनी आणि समुपदेशकाने गुप्त ठेवायचे असते. मात्र २०१२ च्या पोक्सो कायद्याप्रमाणे अठरा वर्षांखालील मुलामुलीशी लैंगिक संबंध झाल्याचे कळले, तर पोलिसांना कळविणे बंधनकारक आहे. ही गोष्ट मुलांपासून लपवू नये. आधीच सांगावी, म्हणजे विश्वासघात झाला असे त्यांना वाटणार नाही. अल्पवयीन मुलगी गर्भपातासाठी आली, तर तिने व पालकाने विनंती केल्यास डॉक्टरांनी कळविताना तिचे नाव उघड करण्याची गरज नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे. अशा मुलीच्या गर्भपाताला पालकाची लेखी संमती लागते. अठरा पूर्ण झालेल्या स्त्रीला मात्र कायद्याने स्वतःची संमती पुरते. हे ठाऊक नसल्यामुळे घाबरून चोरून औषधे घेणाऱ्या मुलींच्या जिवावर बेतते.

एड्स किंवा गुप्तरोगाविषयी कोणाला समोरासमोर विचारण्याची लाज वाटत असेल, तर १०९७ हा राष्ट्रीय फोन क्रमांक आहे. त्यासाठी पैसे पडत नाहीत. हा आकडा घरातल्या दिनदर्शिकेवर लिहून ठेवावा. कोणी लिहिला, कोणासाठी लिहिला, याची चौकशी करू नये.

घरापासून सुरुवात

सरकारी योजना गावात पोहोचेल तेव्हा पोहोचेल. तोवर घरात एक गोष्ट आजच करता येईल. मुलीला पाळी आली की आई निदान चार गोष्टी सांगते. मुलग्याचा आवाज फुटला, मिसरूड आले, तरी बाप त्याच्याशी खताच्या भावापलीकडे बोलत नाही. वडिलांनी, मामांनी किंवा थोरल्या भावाने त्याला जवळ बसवून एवढे जरी सांगितले की, “काही त्रास झाला तर भिंतीवरच्या वैदूकडे जाऊ नकोस, मला सांग, आपण सरकारी दवाखान्यात जाऊ,” तरी त्याच्या डोक्यावरचे मोठे ओझे उतरेल.

आणि पुढच्या ग्रामसभेत, रस्ता, नळ आणि गटार यांचे विषय झाले की, एखाद्या ताईने किंवा दादाने उठून सरपंचांना तीन प्रश्न विचारावेत : आपल्या गावाचे साथिया कोण? किशोर स्वास्थ्य दिवस गेल्या वेळी कधी झाला? आणि आपल्या दवाखान्याची वेळ ठरविताना गावातील पोरीबाळींना कोणी विचारले होते काय? उत्तरे सभेच्या इतिवृत्तात लिहून घ्यावीत. उत्तर ‘नाही’ असले, तर त्याच सभेत पहिल्या बैठकीची तारीख ठरवावी, आणि ती मुलींनाच ठरवू द्यावी.